तांबडी नळी

भुकूमच्या तुळजाबाईच्या घरी सकाळी एकच माणूस यायचं, आणि तेही हातात सुई घेऊन. तरी तुळजाबाई उजाडल्यापासून त्याची वाट बघायची. सुई टोचून घ्यायला एवढं आसुसलेलं माणूस अख्ख्या मुळशी पेट्यात दुसरं सापडलं नसतं.

ते माणूस म्हणजे दवाखान्याची नर्स, रंभाबाई. पस्तिशीची, अंगानं भरलेली, चालताना धापा टाकायची आणि धापा टाकता टाकताच बोलायची. भूगावहून निघून पौडच्या रस्त्यानं वाटेतल्या बाळंतिणी बघत बघत ती साडेआठाच्या सुमाराला तुळजाबाईच्या अंगणात यायची. आल्या आल्या बूड टेकायची आणि म्हणायची, "मावशी, आधी पाणी. मग तुमची सुई."

दोन वर्षांपूर्वी तुळजाबाईच्या पायाला खुरपं लागलं आणि तीन महिने झाले तरी जखम भरेना. तहान अशी, की रांजण पुरेना. मोरीत मुंगळ्यांची रांग लागली तेव्हा काहीतरी विपरीत आहे हे तिच्या ध्यानात आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. भात बंद, गूळ बंद, आणि रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन. स्वतःचं स्वतः टोचून घ्यायला शिका, असंही ते म्हणाले. पण तुळजाबाईची नजर मंदावलेली, सिरिंजवरच्या बारीक रेघा तिला दिसेनात. म्हणून ते काम रंभाबाईच्या गळ्यात पडलं.

सुईचं दुखणं काहीच नव्हतं. दुखणं निराळंच होतं. आमच्या मुळशीकडं माणसाला नुसतं 'ये' म्हणत नाहीत, 'जेवायला ये' म्हणतात. आंबेमोहोराचा मुलूख हा; बारसं असो, बारावं असो, पानात भात पडल्याशिवाय माणूस आल्यासारखं वाटत नाही. तुळजाबाई भाताला हात लावीना, लापशी बाजूला सारी, चहाही 'बिनसाखरेचा असला तर द्या' म्हणे. पहिल्यांदा बायकांनी आग्रह केला, मग तोंडं वाकडी केली, मग आपसात म्हणाल्या, "तिला बोलावून वाढायचं काय? रानीसाहेबांचा रोग झालाय तिला." हळूहळू बोलावणं थांबलं. आणि बोलावल्याशिवाय जाईल ती तुळजाबाई कसली! तिच्या नाकावर माशी बसत नव्हती.

घरात तरी कोण होतं? नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलती लेक जया धरणाच्या पलीकडं दिलेली. ती वर्षातून दोनदा यायची, आणि आली की जायची घाई. भिंतीला भिंत लागून दीर नथू राहायचा, पण बांधावरून वाजल्यापासून दोन्ही घरांत शब्द नव्हता. नथूच्या घरची फोडणी तुळजाबाईला वासावरून ओळखू यायची. घरात कोण काय बोलतंय तेही भिंतीतून ऐकू यायचं. ऐकायचं आणि गप्प बसायचं, असे दिवस चालले होते.

म्हणून साडेआठची वेळ तिनं जिवापाड जपली होती. इन्सुलिनची बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे, ती तुळजाबाई आधीच काढून पुसून ठेवी. रंभाबाई सिरिंज आणि सुई वाटीत उकळायला टाकी. तोवर आठवड्यातून दोनदा लघवीची तपासणी. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात तुळजाबाईनं सकाळी वेगळ्या बाटलीत धरून ठेवलेल्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा करत गेरूसारखा तांबडा झाला तर साखर फार. मग दंडात सुई, मग चहा. तो बिनसाखरेचा चहा तुळजाबाईच्या बरोबरीनं पिणारी जगात एकटी रंभाबाई होती. आणि चहाबरोबर सात गावच्या बातम्या. कुणाला पोरगा झाला, कुणाची सासू बाळंतिणीला नुसत्या पेजेवर ठेवते, बावधनला कुणाची म्हैस विहिरीत पडली. पाऊण तास जायचा. तेवढ्या पाऊण तासावर तुळजाबाई उरलेले तेवीस तास रेटायची.

साठ साली, भातं झोडून झाल्यावर, रंभाबाई पुण्याहून नव्या गोळ्या घेऊन आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मावशी, सुटलात! परदेशातनं गोळी आलीया. तुमच्यासारख्यांना सुई लागणार न्हाई म्हणत्यात डॉक्टर. सकाळी एक, सांजच्याला एक. पंधरा दिवस सुई थांबवून बघू. नळी निळी राहिली, तर सुई कायमची बंद."

"आन् तू?" तुळजाबाईनं विचारलं.

"मी काय? मीबी सुटले की!" रंभाबाई हसली. ती मनानं चांगली बाई होती; एका माणसाचं दुखणं हलकं झालं म्हणून हसली. तुळजाबाईला मात्र दारात उभं राहून कुणी 'आता येत न्हाई' म्हणाल्यासारखं झालं.

गोळ्या चालू झाल्या. चौथ्या दिवशी रंभाबाईनं नळी दिव्यावर धरली. तुळजाबाईला रेघा दिसत नसल्या तरी रंग दिसत होता. निळा. उकळला, फेसाळला, तरी निळाच.

"काय गोळी म्हणायची का जादू!" रंभाबाई म्हणाली. मग चहा पिता पिता तिनं गंमत सांगितली. भूगावच्या एका म्हातारीनं मधाची बाटली नुसती खंगाळली आणि तिच्यातच लघवी भरून आणली. नळी अशी तांबडीलाल झाली की दवाखाना हादरला. म्हातारीला काही नव्हतं, होता तो मध. "तवा मावशी, बाटली घासून घेत जा, काय?"

तुळजाबाईही हसली. पण रंभाबाई गेल्यावर ती बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली. खोकल्यासाठी म्हणून डोंगरवाडीच्या कमळकडून घेतलेला मध फडताळात होता. तिनं ती बाटली काढली, परत ठेवली, दुपारी पुन्हा काढली. आयुष्यात तिनं कुणाला फसवलं नव्हतं. नथूनं बांध कोरला तेव्हाही ती तोंडावर भांडली होती, पाठीमागं काही केलं नव्हतं. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

पुढच्या खेपेला लघवीच्या बाटलीत तिनं मधाचं बोट बुडवलं. नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि गेरूसारखी तांबडी झाली.

"अगं बया!" रंभाबाईचा चेहरा उतरला. "असं कसं? भात खाल्ला का?"

"शपथ, शीतसुदीक न्हाई," तुळजाबाई म्हणाली. आणि ते खरंच होतं.

रंभाबाईनं कागदावर रंग लिहिला, पुण्याला जाऊन आली. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवून सुई परत लावली. रंभाबाई रोज येऊ लागली, आणि तुळजाबाईचा जीव भांड्यात पडला. पण खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज पोसावं लागतं. प्रत्येक तपासणीला बोट बुडवायचं, प्रत्येक वेळी नळी तांबडी, आणि दर वेळी सुई वाढवलेली. वीस युनिट होतं ते अठ्ठावीस झालं, अठ्ठावीसाचं छत्तीस झालं.

अंगात साखर नाही आणि औषध दुप्पट. तुळजाबाईला दरदरून घाम फुटू लागला, हातपाय लटलटू लागले, डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. गुळाचा खडा तोंडात टाकला की बरं वाटतं, हे तिचं तिनं शोधून काढलं. जो गूळ दोन वर्षं शिवला नव्हता, तो आता कनवटीला बांधून ती घरात वावरायची. रोगासाठी औषध घ्यायचं, आणि औषध पचावं म्हणून रोगाला खाऊ घालायचं! ऐकणाऱ्यानं कपाळावर हात मारावा असाच कारभार होता. पण तुळजाबाई मनात म्हणायची, निभतंय ना, मग निभू दे.

एका सकाळी मात्र निभलं नाही. रंभाबाईनं सुई टोचली, चहा झाला, आणि ती लवळ्याच्या बाळंतिणीची हकीकत सांगू लागली. जुळी होती, एक पायाळू. रंभाबाईनं रात्रभर खपून दोन्ही पोरं जिवंत काढली होती. हकीकत रंगत गेली. एरवी रंभाबाई उठून गेली की तुळजाबाई भाकरी खाऊन घ्यायची. पण पाव्हणं समोर बसलेलं असताना आपण घास घ्यायचा, ही रीत तिच्या सात पिढ्यांत नव्हती. भाकरी पुढं केली तर रंभाबाई 'नको, उशीर झाला' म्हणून उठेल, हेही तिला ठाऊक होतं. कनवटीचा गूळ तर तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. म्हणून ती घाम पदरानं टिपत 'मग? मग पुढं काय झालं?' विचारत राहिली. तिसऱ्यांदा 'मग' म्हणताना तिची जीभ जड झाली, आणि ती बसल्या जागी कलंडली.

रंभाबाईनं अंगाला हात लावला तर गार, ओलंचिंब. तिनं ओळखलं: साखर उतरली. "साखर कुटं हाय? मावशी, गूळ कुटं ठेवलाय?" मावशी कुठली बोलतेय! रंभाबाईनं फडताळ उपसलं, डबे उलटे केले, उतरंड खाली काढली. मधुमेहाच्या माणसाचं घर ते, गोडाचा कण सापडेना. शेवटी मोरीपाशी धावली, आणि तिथं पाट्यामागं, लघवीच्या बाटलीला चिकटून, मधाची बाटली.

त्या घडीला तिनं काही विचार केला नाही. मधाचं बोट तुळजाबाईच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिली. परत, परत. थोड्या वेळानं तुळजाबाईनं जीभ हलवली, मग डोळे उघडले. रंभाबाईनं तिला टेकवून बसवलं, भाकरी दुधात कुस्करून एकेक घास भरवला आणि ती संपेपर्यंत समोरून हलली नाही. मग मधाची बाटली दोघींच्या मध्ये ठेवली.

"ही मोरीत कशी आली, मावशी?"

तुळजाबाई बाटलीचं बूच घट्ट बसवू लागली.

"उद्या चाळीस टोचणार हुते मी तुमाला! माझ्या हातानं मेला असतात!" रंभाबाईचा आवाज चढला. "डॉक्टर मला म्हणाले, बाई, सुई नीट टोचता का पाणी टोचता? बारा वर्सं नोकरी झाली माझी, कुणी असं बोललं नव्हतं. रातीला झोप लागंना मला. आन् तुमी हितं मध कालवताय? कशापायी?"

"नळी निळी झाली असती तर तू आली नसतीस," तुळजाबाई म्हणाली.

तेवढंच होतं, आणि ते एकदा तोंडातून गेल्यावर तुळजाबाईला रडू आवरेना. नवरा गेला तेव्हा ती चारचौघांत रडली होती. त्यानंतर ज्याच्यासमोर रडावं असं कुणी नव्हतंच. रंभाबाईचा राग जागच्या जागी विरला. तिनं तुळजाबाईच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडं नथूच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं, मग परत सुरू झालं.

बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून तुळजाबाईनं विचारलं, "रंभे, खरं सांग. सुई न्हाई, नळी न्हाई. नुसती आली असतीस?"

खोटं बोलणं रंभाबाईला जड नव्हतं. अडलेल्या बाईला 'झालंच आता, एकच कळ' असं ती दिवसातून दहादा सांगायची. 'येईन की' हे शब्द तिच्या ओठांशी आलेसुद्धा. पण मधाची बाटली समोर होती, आणि या घरात खोट्यानं काय होऊ शकतं ते तिनं आत्ताच बघितलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "नसते आले, मावशी. सात गावं हायेत मला. घरची पोरं शिळ्यावर टाकून निघते मी. वाटंवरनं जाताना हाक मारीन कवातरी. पर रोज न्हाई व्हायचं."

तुळजाबाईनं मान हलवली. तिला लागलं, पण जिथं लागलं तिथंच थोडं मोकळंही वाटलं.

"बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "येते म्हणाली असतीस, तर रोज दारात बसून राहिले असते मी. गोळी कवा घ्यायची तेवढं परत सांग."

"आज न्हाई घ्यायची. उद्या सकाळपासनं, भाकरी पुढ्यात घेतल्यावर. सुई बंद."

रंभाबाईनं वाळूतून इन्सुलिनची बाटली काढली, पुसून आपल्या पिशवीत टाकली. सिरिंज टाकली, सुईची डबी टाकली, निळ्या औषधाची बाटली टाकली. आता पिशवीत घालायचं काही उरलं नव्हतं, तरी ती थोडा वेळ तशीच बसली. मग लवळ्याची बाळंतीण वाट बघत असेल म्हणून ती उठली, आणि तुळजाबाईनंच तिला म्हटलं, "जा बाई, उशीर झाला."