टाचण्या लावलेलं पान

वृंदा साळवे आपल्या मुलीला बायबल शिकवायची ते हातांनी. मीनल आठ वर्षांची होती. दीड वर्षाची असताना ताप डोक्यात गेला आणि उतरताना तिचं ऐकणं घेऊन उतरला. अंबरनाथ पूर्वेच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलच्या गोष्टींचा वर्ग, भरायची. तिथे दोन रविवार मीनलला बसवून पाहिलं. बाई गोष्ट सांगायच्या, पोरं हसायची, आणि मीनल त्यांची तोंडं बघून सगळ्यांच्या मागून हसायची. तिसऱ्या रविवारी वृंदा बाईंना म्हणाली, "हिला मी घरीच शिकवते."

"जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं?"

आणि जमलं. नवरा, शशिकांत, पहिल्या पाळीला फॅक्टरीत गेलेला असायचा. जेवणाची भांडी घासून पालथी घातली की मायलेकी सतरंजीवर बसायच्या, मधे चित्रांचं जाडजूड पुस्तक. नोहा म्हणजे दोन तळव्यांचं तारू. मोशे म्हणजे हनुवटीखाली लांब दाढी. येशू म्हणजे तळहाताच्या मधोमध टेकवलेलं बोट, खिळा ठोकला तिथे. योनाच्या दिवशी तर मीनल चादरीच्या माशात शिरली आणि आईने तीन दिवस झाल्याची तीन बोटं दाखवल्याशिवाय बाहेर यायला तयार होईना.

त्या पुस्तकात दोन पानं मात्र वृंदाने टाचण्यांनी एकमेकांना जोडून टाकली होती. त्यांच्यामध्ये बहिऱ्या माणसाला येशूने बरं केल्याची गोष्ट होती.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, म्हणजे माई, नगरहून आल्या होत्या आणि हट्टाने मीनलला उल्हासनगरच्या एका मैदानावर चंगाई सभेला, प्रार्थनेने आजारी माणसं बरी करतात तिथे, घेऊन गेल्या होत्या. मंचावर उभं करून एका माणसाने पोरीचं डोकं गच्च धरलं, कानाशी तोंड नेऊन तो ओरडत राहिला. खाली हजार माणसं हात वर करून उभी. मीनलला ओरडणं ऐकू येत नव्हतं, त्याचा लाल झालेला चेहरा तेवढा दिसत होता. तिने परकर ओला केला. काहीच झालं नाही तेव्हा तो माणूस माइकवर म्हणाला, "घरच्यांचा विश्वास कमी पडतोय." ते वाक्य वृंदा तोंडात खडा आल्यासारखं घेऊन घरी आली होती.

सत्त्याऐंशीच्या मार्चमधली दुपार. वृंदा गच्चीवरच्या कुरडया उलटून खाली आली, तर टाचण्या सतरंजीवर ओळीने मांडलेल्या आणि मीनलच्या मांडीवर ते पान उघडं. चित्रात येशूची बोटं एका माणसाच्या कानांत होती. मीनलने स्वतःच्या कानाला हात लावला, मग चित्रातल्या माणसावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. हाही?

वृंदाला पुस्तक मिटता आलं असतं. पण पोरीला अर्धवट शिकवायचं नाही, हे तिने स्वतःशीच ठरवलेलं होतं. तिने फळीवरचं बायबल काढलं, ती गोष्ट शोधली आणि एकेक ओळ वाचत हातांनी सांगायला लागली. आधी गर्दी. मग त्या माणसाचा हात धरून येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेलं. कानांत बोटं घातली. जिभेला स्पर्श केला. आकाशाकडे पाहिलं. मोठा उसासा टाकला.

वृंदाचे हात थबकले. आज तिला एकही खूण शोधावी लागली नव्हती. सगळ्या खुणा गोष्टीतच होत्या. तो माणूस ऐकू शकत नव्हता, म्हणून येशू आधी त्याच्याशी त्याला कळेल असं बोलला होता.

पुढे काय, मीनलने विचारलं. त्याला ऐकू आलं, वृंदाने खरं ते सांगितलं. मीनलने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मला?

वृंदाने दोन्ही तळवे उघडे केले. माहीत नाही.

मीनलने चित्रातल्या येशूच्या बोटांवरून हात फिरवला. मग तिने तळहातावर बोट टेकवलं आणि दोन्ही हातांची बोटं भराभर नाचवली. घरात त्याचा अर्थ होता, हातांनी बोलणं. येशूला आपलं बोलणं येतं! आणि ती खदखदून हसली.

मे महिन्यात माई आल्या, त्या पिशवीत एक कागद घेऊनच. "बदलापूरला सभा आहे. या वेळी मोठे उपदेशक आहेत."

"माई, मी नेणार नाही तिला."

"विश्वास नाही तुझा?"

"आहे. रोज दुपारी तिला घेऊन बसते ती त्याच विश्वासावर. पण पोरीला पुन्हा मंचावर चढवणार नाही."

माईंचा चेहरा उतरला. मीनलने कागदावरचा माइकवाला माणूस पाहिला होता. ती उठली, आजीचा हात धरून तिला मोरीपाशी घेऊन गेली आणि समोर उभी राहून तिने सगळी गोष्ट हातांनी सांगितली. गर्दी. बाजूला नेणं. कान, जीभ, आकाश. उसासा तर असा टाकला, की माईंचा पदर हलला.

कुठली गोष्ट ते माईंना सांगावं लागलं नाही. "बाजूला घेतलं होतं त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "आयुष्यभर वाचलं मी हे. आणि आपण हिला हजार लोकांत उभी केली. केवढी थरथरत होती गं." त्यांनी मीनलचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कागद पिशवीत परत गेला.

जूनपासून मीनल कल्याणच्या मूकबधिर शाळेत जाणार होती, नाव घालून झालं होतं. माई तोवर राहिल्या आणि रोज दुपारी सतरंजीवर येऊन बसू लागल्या. पहिले दोन दिवस नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दावीद आणि गल्याथाचा धडा आला, तेव्हा राक्षसासारखा धिप्पाड गल्याथ कोण होणार असा प्रश्न पडला. माई पदर खोचून उठल्या, छाती काढून उभ्या राहिल्या, आणि मीनलने नेम धरून गोफणीच्या दगडाऐवजी कागदाचा बोळा मारताच गुडघे सांभाळत का होईना, पण धप्पकन सतरंजीवर आडव्या झाल्या.