दोरीपलीकडच्या खुर्च्या

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मला पाठ नाही, हात नाहीत, म्हणून बरेच जण मला स्टूल म्हणतात. म्हणोत बापडे! चार लोखंडी नळ्या आणि वर शिवलेलं जाड निळं कापड, एवढाच माझा देह. पनवेलच्या बाजाराजवळ एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला आणि तिथूनच भामाबाईंनी मला विकत घेतलं.

भामाबाई नेऱ्याजवळच्या गावच्या. स्वतःच्या शेतातली भेंडी, कारली, वांगी घेऊन त्या पनवेलच्या बाजारात बसत. पुढे त्यांचे गुडघे धरले, जमिनीवर बसणं होईना, म्हणून मी त्यांच्याकडे आले. पावसात त्यांच्या छत्रीखाली मी अर्धी भिजायचे, पण कधी कुरकुर केली नाही. गिऱ्हाईकसुद्धा माझं कौतुक करायचं. "कुठून घेतलीत हो ही?" असं कुणी विचारलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग जमिनींना भाव आला. भामाबाईंचे यजमान जगनशेट यांनी शेत विकलं आणि गावात दुमजली बंगला बांधला. दिवाणखान्यात लालभडक मखमली सोफा आला. त्याच्यावरचं प्लास्टिक मात्र जगनशेटांनी काढू दिलं नाही.

"पावन्यांसाठी हाय तो. रोज बसून खराब करायचा काय?" ते म्हणायचे.

आता त्या सोफ्याच्या तोलाचा पाहुणा काही उगवेना. शेजारपाजारचे ओट्यावर बसत. कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी ठमाबाई, भामाबाईंची बाजारातली जुनी मैत्रीण, तीही पायरीवरच टेकायची. आणि घरची मालकीण गुडघे चोळत टीव्हीसमोर माझ्यावर बसायची. "घर आपलाच, पन पाठ टेकाला जागा नाय," असं त्या एकदा ठमाबाईला म्हणाल्या. मला पाठ नसल्याचं दुःख त्या दिवशी पहिल्यांदा झालं. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

सन २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने, भावेशने, आईवडिलांना बर्लिनला बोलावलं. तो तिथे नोकरीला होता. भामाबाईंनी पापड आणि मसाल्याच्या मधोमध मला बॅगेत घातलं.

"तिकडं काय खुर्च्या नसतील?" जगनशेट चिडले.

"असतील. पन बसाला देतील का?"

आणि मित्रांनो, झालंही अगदी तसंच. एका सुट्टीच्या दिवशी भावेश दोघांना बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचे जुने राजवाडे दाखवायला घेऊन गेला. आईच्या हातात मला बघून त्याने मान खाली घातली होती. दारावरच्या माणसाने आधी मला पाहिलं, मग भामाबाईंचे गुडघे पाहिले आणि आत जाऊ दिलं. एका राजवाड्यात तर लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून बुटांवरून मोठमोठ्या लोकरी सपाता घालायला लावल्या. त्या घसरत्या सपातांमध्ये जगनशेट बदकासारखे चालत होते.

एकेका दालनात काय एकेक खुर्ची! सोनेरी पाय, रेशमी गाद्या, आणि प्रत्येकीच्या पुढे जाड दोरी बांधलेली. एवढे नातेवाईक मला एका दिवसात कधी भेटले नव्हते. आधी मला त्यांचा हेवा वाटला. अंगावर एक डाग नाही, एक टाका उसवलेला नाही. मग लक्षात आलं, त्यांच्याकडे सगळे बघत होते, पण त्यांच्यावर कुणीच बसत नव्हतं.

नव्या बुटांनी जगनशेटांचे पाय सोलून निघाले होते. तिसऱ्या राजवाड्यात त्यांचा धीर सुटला. त्यांनी दोरीवरून हात घालून एका खुर्चीचा आधार घेतला मात्र, तिथली पहारेकरीण "नाइन! नाइन!" म्हणजे "नाही! नाही!" करत धावत आली. जगनशेटांनी तापल्या तव्याला लागावा तसा हात मागे घेतला. सगळे वळून बघायला लागले. भावेश माफी मागत राहिला.

भामाबाईंनी मला उघडलं. "बसा. हिला दोरी नाय."

जगनशेट पहिल्यांदाच माझ्यावर बसले. वजन दणदणीत, पण मी पाय घट्ट रोवले. ते बराच वेळ समोरच्या खुर्चीकडे बघत होते.

"भामे, याच्यावर आता कोनच बसत नाय?"

"राजा गेला, आता कोन बसल? आपल्या सोफ्यावर तरी कोन बसतंय? उद्या आपन दोघं जाऊ, तो तसाच राहील."

 माझ्यावरून उठायला जगनशेटांनी बराच वेळ घेतला.

गावी परतल्यावर भामाबाईंनी मला बॅगेतून काढून उघडलं तोच जगनशेटांनी कोयता आणला आणि सोफ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. "टेक पाठ," ते भामाबाईंना म्हणाले. भामाबाई मागे रेलल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मला आनंद झाला, पण माझं काम संपलं होतं. माझी घडी करून मला दारामागे उभं केलं गेलं.

दोन दिवसांनी ठमाबाई आली आणि सवयीने पायरीवर बसली.

"आत ये, सोफ्यावर बस," जगनशेट म्हणाले.

"नको शेट. लुगड्याला मावऱ्याचा वास येतंय."

"येऊ दे. राजाच्या खुर्चीला कसलाच वास नव्हता."

ठमाबाई संकोचत आत आली. दोघी मैत्रिणी सोफ्यावर बसल्या, त्यांच्या पिशव्या बसल्या, गप्पा पसरल्या, आणि जगनशेटांना जागाच उरली नाही. मग त्यांनी दारामागून मला काढलं.

मित्रांनो, आज त्या सोफ्यावर चहाचे डाग आहेत आणि त्याचा एक कोपरा खचलाय. माझ्या एका पायाला गंज चढलाय, कापड कडेने उसवलंय. आम्हाला जरूर जपा, गंज पुसा, टाके घाला. पण जपायचं म्हणून आम्हाला दोरीपलीकडे ठेवू नका. मला शिवून आणतो असं जगनशेट रोज म्हणतात. मग बाहेर कुणाची तरी चाहूल लागते, ते पाहुण्याला सोफ्यावर बसवतात आणि स्वतः माझ्यावर बसतात.