काथ्याचा पाय

मी केलेला पाय चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मिरकरवाड्यात कुणालाही विचारलंत तर उलटंच ऐकायला मिळेल.

लवू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गंगाचा, नवरा. भागोजी तांडेलाच्या ट्रॉलरवर खलाशी होता. जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या दोरात पाय सापडला आणि गुडघ्याखालून गेला. इस्पितळाने दिलेला लाकडी पाय इतका जड, की ओल्या फळ्यांवर तोल सावरेना. तांडेलाने त्याला बंदरावर बसून जाळी दुरुस्त करायला सांगितलं. ते म्हाताऱ्यांचं काम, असं लवूचं मत, आणि मत बदलेल तर तो लवू कसला. दिवसभर ओट्यावर बसून समुद्राकडे बघायचा आणि गंगावर खेकसायचा.

मी त्याच उन्हाळ्यात, चौऱ्यांशी साली, मुंबईची नोकरी सुटून गावी आलो होतो. तिथे इपॉक्सी राळेच्या कामावर होतो, जी घट्ट झाली की दगडासारखी होते. थोडी राळ आणि ती घट्ट करणारं औषध बरोबर आणलं होतं. कारखान्यात राळेत काचेचं कापड घालतात. इथे ते कुठून मिळणार? म्हणून मी अंबाडीचे धागे उभे घातले, भार पेलायला, आणि मधे काथ्या घातला, धक्का सोसायला. दोन्ही कातळावर कडकडीत वाळवले, कारण ओल्या धाग्याला राळ धरत नाही. पाय असा हलका झाला की गंगाने तो एका हातावर तोलला आणि कितीतरी दिवसांनी हसली.

वनस्पतीच्या धाग्यात एकच खोड असते. जन्मभर पाणी प्यायलेला असतो, ती सवय मेल्यावरही सुटत नाही. म्हणून वरून निव्वळ राळेचे थर दिले, गुडघ्याखाली बसतो त्या वरच्या काठाला जास्तच. आठवडाभर पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवला, वजन गुंजभर वाढलं नाही. लवूला बजावून सांगितलं, की कुठे टोचलं तर घासायचं नाही, कापायचं नाही, सरळ माझ्याकडे आणायचं. त्याने मान डोलावली. पुढे मी विचारलं की म्हणायचा, अगदी गादीवर ठेवल्यासारखा वाटतो.

तांडेलाने त्याला होडीवर चालवून बघितलं, शिडी चढायला लावली, आणि नारळी पौर्णिमेनंतर ये म्हणाला. त्या दिवशी लवू माझ्या गळ्यात पडला होता.

पहिल्याच फेरीत ट्रॉलर अर्ध्यातून परत आला. बंदरावर मासळीच्या लिलावाची गर्दी होती. तांडेलाने सगळ्यांदेखत तो पाय माझ्या पुढ्यात टाकला. काठ फुगला होता, थर सुटले होते. खाऱ्या पाण्यात तो लवूच्या गुडघ्याखाली असा आवळत गेला की शेवटी कोयत्याने फोडून काढावा लागला.

“धोंडू, नारळाच्या सोडणावर माणूस उभा करतोस होय रे?” तांडेल म्हणाला.

लोक हसले. लवू बर्फाच्या पेटीवर बसला होता, त्याने वर बघितलं नाही. मी पाय उचलून घरी आणला आणि उजेडात धरला. काठावरची राळ कानशीने घासून काढली होती. धाग्यांची तोंडं उघडी पडून केरसुणीसारखी उभी होती. पाणी तिथून शिरलं होतं.

मी तडक गंगाकडे गेलो. लवू घरात नव्हता. तिने काही लपवलं नाही. काठ टोचायचा, रक्त यायचं, हा माणूस तोंडात पंचा कोंबून रडायचा. मग तिनेच कानस घेतली, काठ मऊ केला, वर खोबरेल चोळलं. माझ्याकडे आणायला लवूने मनाई केली होती, मी तांडेलाला सांगेन म्हणून. मी सांगितलंही असतं.

मला संताप आला. म्हटलं, चल आत्ताच्या आत्ता, तांडेलासमोर हे बोल. मी नवा पाय करून देतो, काठ सैल ठेवतो.

ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. “दादा, पाय खोटा म्हणून ह्यांना उतरवलंय,” ती म्हणाली. “माणूस खोटा हाय असं कळलं तर परत कोण घेणार नाय.”

तिचं खरं होतं. दुखणं लपवून दर्यावर येणारा माणूस कुठलाही तांडेल घेत नाही. मी गप्प बसलो. पुढे मुंबईच्या इस्पितळातून लवूने दुसरा पाय आणला आणि भागोजीने त्याला घेतलं.

लवू आता बंदरावर रंगवून सांगतो, मेव्हण्याने आपल्यावर कसा प्रयोग केला, कसा मरता मरता वाचलो. सुरुवातीला माझी नजर चुकवायचा, आता चुकवत नाही. त्याला ते खरंच वाटायला लागलंय. परवा त्याच्या दारावरून जात होतो. गंगाची शेजारीण मला बघून काहीतरी पुटपुटली, तेव्हा गंगा तिला समजावत म्हणाली, “जाऊ दे गो, त्याने काय मुद्दाम नाय केलं.”