पुण्याचं बोलावणं

संचिताला समीक्षाचा पहिला राग आला तो बांगड्यावरून.

संचिता मूळची कुणकेश्वरची. देवळाबाहेर तिच्या बाबांचं नारळ-फुलांचं दुकान. ती मात्र कुडाळला मथुरामावशीकडे राहायची. दिवसा औद्योगिक वसाहतीतल्या काजूच्या कारखान्यात पॅकिंगला जायची आणि संध्याकाळी मंगेश सरांच्या मैदानावर बॉलिंग करायची. गेली काही वर्षं जिल्ह्याच्या मुलींच्या संघात पहिला बॉल तीच टाकत होती. कुणकेश्वरच्या ओल्या वाळूत भावांबरोबर धावून धावून तिचे पाय लोखंडाचे झाले होते, आणि बॉल बॅटजवळ आला की ऐनवेळी बाहेर वळायचा. दर हंगामाला पुण्याच्या शिबिरात राज्याच्या संघासाठी मुली बोलावल्या जायच्या. दर हंगामाला मंगेश सर म्हणायचे, "यंदा तुझो नंबर लागतलो, बघ." आणि दर हंगामाला दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातल्या मुलीचा नंबर लागायचा. संचिताने तेही सोसलं होतं. लांबच्या, न पाहिलेल्या मुलींचा हेवा फार काळ टिकत नाही. त्यांना चेहरा नसतो.

समीक्षाला चेहरा होता. शिवाय उंची होती, आणि फोंडाघाटच्या बाजारपेठेतल्या माणसासारखी अखंड बडबड होती. ती वर्षभरापूर्वी सरांकडे आली. शेवटची एसटी चुकली की संचितासोबत मावशीकडे राहायची. अशाच एका मुक्कामाला मावशीने तव्यावरचा बांगड्याचा मधला तुकडा उचलला आणि सरळ समीक्षाच्या ताटात घातला. संचिताच्या वाट्याला शेपटी आली.

"खा गो बाय," मावशी म्हणाली. "वाढत्या अंगाचा चेडू तू. त्यात फोंड्यासून दमान येतंस."

संचिता पण कारखान्यातून दमूनच आली होती. पण तसं म्हणायचं कसं? माशाच्या तुकड्यावरून भांडायला ती काय लहान होती? तिने शेपटी संपवली आणि त्या रात्री समीक्षाच्या अंगावरची बरी चादर तिला आपलीच वाटत राहिली.

पुढे बांगडा राहिला बाजूला. एका संध्याकाळी सर म्हणाले, "संचिता, आज नवो बॉल समीक्षाक दी."

आजवर नवा बॉल संचिताच्या हातून कुणी मागितला नव्हता. तिने तो पँटीला घासला, उगाचच पुन्हा घासला आणि मग दिला. समीक्षा धावत आली. पहिलाच बॉल मॅटिंगवर असा आदळला, की समोरची मुलगी बॅट खाली आणेपर्यंत मधला स्टंप आडवा झाला होता. बाकीच्या मुलींनी आरडाओरडा केला. सर नुसते डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. संचिताला सरांचं ते उभं राहणं फार लागलं. तिच्यासाठी सर नेहमी "शाबास" म्हणायचे. टोपी कधी काढली नव्हती.

त्यातून समीक्षा स्वभावाने वाईट असती तर बरं झालं असतं. ती तशी मुळीच नव्हती. संचिताच्या मागे मागे असायची.

"ताई, तुझो बॉल भायर कसो जाता गो? माझो सरळच रवता. माका शिकव ना."

"तसोच जाता," संचिता म्हणाली. "शिकवूक काय आसा त्यात?"

शिकवायला पुष्कळ होतं. मनगट कसं ठेवायचं, शिवण कुठे धरायची, हे तिला वाळूत कित्येक वर्षांनी सापडलं होतं. ते तिने दिलं नाही. समीक्षा "बरा" म्हणाली आणि हसून निघून गेली.

फेब्रुवारीत कोल्हापूरला सामना ठरला. पुण्याहून निवड समितीच्या बाई पाहायला येणार, असं सरांनी सांगितलं. बाई एकेकाळी स्वतः देशासाठी खेळलेल्या. संचिताने बाबांना फोन केला. पण सामना नेमका महाशिवरात्रीच्या तोंडावर.

"जत्रेचे दिवस, बाय," बाबा म्हणाले. "दुकान टाकून कसो येव? देवाक सांगतंय तुझ्यासाठी."

संघाची गाडी कणकवलीवरून फोंडाघाटात पोचली तेव्हा बाजारात समीक्षाच्या घरचे रस्त्यावरच उभे होते. आई, वडील, आजूबाजूचे दुकानदार, शेजारणी. आईने खिडकीतून घावण्यांचा मोठा डबा आत दिला. "सगळ्यांनी खावा हां!" ती म्हणाली, आणि संचिताचा हात धरून वर म्हणाली, "तूच संचिता मां? आमचा चेडू घराकडे इला की तुझाच नाव घेता. लक्ष ठेव गो तिच्यावर."

गाडी घाट चढू लागली. डबा हातोहात फिरला. घावणे मऊ दिसत होते. संचिताने एकही घेतला नाही. वळणांवर पोटात ढवळतं, असं तिने कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला. बाई तंबूच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. सरांनी नवा बॉल समीक्षाला दिला आणि संचिताला मिडऑफला उभं केलं, म्हणजे बॉलरपासून हाकेच्या अंतरावर. बॉलिंग तिला नंतर मिळणार होती.

समीक्षाने त्या दिवशी जाळ काढला. एक बळी लवकर मिळाला. मग समोरच्या संघाची कप्तान आली. तिला नुसतं टिकून राहणंही कठीण जात होतं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या, ते संचिताने पाहिलं. तंबूकडे पाठ असती तरी ते तिला दिसलं असतं, इतकं तिचं सगळं लक्ष त्या खुर्चीत होतं.

आणि मग कप्तानने फटका मारला तो फसला. बॉल उंच उडाला आणि संचिताच्या दिशेने यायला लागला. सोपा झेल. कुणकेश्वरच्या जत्रेतल्या कुणाही पोराने घेतला असता. पण सोप्या झेलाची पंचाईत ही, की तो खाली यायला वेळ लावतो. तेवढ्या वेळात संचिताच्या मनात आलं, हा घेतला की समीक्षा गेली पुण्याला. बॉल हातात आला. ओंजळ मिटायला अंमळ उशीर झाला. बॉल बोटांवरून निसटून गवतात पडला.

मुद्दाम सोडला का? ते तिला शपथेवरही सांगता आलं नसतं. एवढंच खरं, की तो पडावा असं तिला वाटत होतं आणि तो पडला.

मैदानावर "अरे!" असा एकच आवाज झाला. समीक्षा तिच्याकडे धावत आली. आता ही बोलणार, असं वाटून संचिताने मान ताठ केली.

"बोटाक लागला काय गो? दाखव." समीक्षाने तिचा पंजा उलटासुलटा करून पाहिला. "नाय लागला. ऊन डोळ्यात गेला असतला. जाव दे, ताई."

त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तरी चाललं असतं.

थोड्या वेळाने समीक्षा दमली आणि बॉल संचिताकडे आला. तिच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कुणास ठाऊक. लाज होती, राग होता, जे होतं ते सगळं तिने बॉलमध्ये ओतलं. ज्या कप्तानचा झेल पडला होता तिचाच त्रिफळा तिने उडवला. बॉल आत येतोय असं दाखवून असा बाहेर वळला, की कप्तान मागे वळून स्टंपकडे बघतच राहिली. मग आणखी बळी गेले. सामना सिंधुदुर्गने जिंकला. मुलींनी संचिताला उचललं, आणि उचलणाऱ्यांत सगळ्यात पुढे समीक्षा होती, कारण तीच सगळ्यांत उंच.

पंधरवड्याने मंगेश सर कारखान्याच्या फाटकाशी आले. इतक्या लांब ते कधी आले नव्हते.

"इला गो बोलावणा," ते म्हणाले. "पुण्यासून. तुझा."

जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती गोष्ट आली तेव्हा संचिताला आनंद झालाच. बाबांनी फोनवर देवळाची घंटा ऐकवली. मावशीने आळीभर साखर वाटली. पण संध्याकाळी समीक्षा फोंड्याहून एसटीने खास भेटायला आली, दारातच तिने संचिताला मिठी मारली आणि रडली. हेव्याने नव्हे. खरोखरच्या आनंदाने. संचिताने तिच्या खांद्यावरून निरखून निरखून पाहिलं, त्या रडण्यात कुठे काही खोट सापडते का. सापडली नाही.

मी हिच्या जागी असते, तर आज अंथरुणातून उठले नसते, तिच्या मनात आलं. बॉलिंगचा हेवा एकवेळ समजतो, तो मेहनतीने फेडता येतो. हे असं मोकळं मन कुठून आणायचं? बोलावणं आलं संचिताला, आणि जळतही तीच होती.

पुण्याच्या शिबिरातून ती राज्याच्या संघात गेली, पण खेळायला मिळेना. तिच्यापुढे अनुभवी मुली होत्या. सामने बडोद्याला होते. तिथेही तिचं काम म्हणजे बाटल्या न्यायच्या, टॉवेल द्यायचे आणि टाळ्या वाजवायच्या. ती मुकाट्याने करत राहिली. मग दोन सामन्यांच्या मध्ये एका फास्ट बॉलरचा घोटा मुरगळला आणि संचिताला वाटलं, आता आपण.

निवड समितीच्या बाईंनी तिला बोलावलं. हॉटेलच्या जेवणघरात त्या एकट्याच बसल्या होत्या.

"तुमच्या जिल्ह्यातली ती उंच मुलगी," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातून झेल सुटला ना, तिच्या बॉलिंगवर? मला वेगवान बॉलर हवी आहे. तू रोज तिच्याबरोबर असतेस. कशी आहे? घाई केली तर बिघडेल का?"

संचिता उभीच होती. उत्तर देणं फार सोपं होतं. "अजून कच्ची आहे, मॅडम." एवढं पुरलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. अठरा वर्षांची मुलगी कच्ची असतेच. तिने तोंड उघडलं तेही तेच म्हणायला.

"माझ्यापेक्षा चांगली आहे," ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली, जणू त्यांना हे ठाऊकच होतं. संचिता खोलीवर आली आणि स्वतःवर इतकी चिडली, की तिने बूट भिंतीवर फेकून मारला.

तिसऱ्या दिवशी समीक्षा बडोद्यात हजर. बॅग जमिनीवर टाकून तिने विचारलं, "बाईंनी सांगितला, तू माझा नाव घेतलंस म्हणान. खरा काय?"

"तुझ्यासाठी नाय घेतलंय," संचिता म्हणाली. "खोटा बोलूक जमला नाय, म्हणान. माका तुझो हेवो वाटता, समीक्षा. पयल्या दिवसापासून."

समीक्षा पलंगावर बसली. तिने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"माका वाटलेला," ती शेवटी म्हणाली. "मावशीक पण ठाऊक आसा. ती म्हणाली, लक्ष देव नको, मनान वायट नाय ता."

"मावशी असा म्हणाली?"

"होय. मगे माका वाटला, हेवो वाटता म्हणजे मी बरा टाकतंय असतलंय."

संचिताला हसू आलं. रागही आला. दोन्ही एकदमच.

समीक्षा पुढचे सामने खेळली आणि बळी घेत गेली. दर बळीला संचिता टाळ्या वाजवायची आणि दर टाळीला पोटात एक निखारा सरकायचा. तो विझला नाही. फक्त आता तिला तो लपवावा लागत नव्हता. "आज किती जळला?" असं समीक्षा संध्याकाळी विचारायची, आणि संचिता खरं ते सांगायची.

शेवटच्या सामन्यात बाद फेरीची आशा उरली नव्हती, तेव्हा संचिताला घेतलं. एका टोकाकडून समीक्षा, दुसऱ्या टोकाकडून ती. समीक्षाने एक बळी घेतला की हिच्या पायात बळ यायचं. हिने घेतला की समीक्षा लांबून ओरडायची. इतकी चांगली बॉलिंग संचिताने कोल्हापूरलाही केली नव्हती. संघ तरीही हरला.

परतताना बस रस्त्याकडेच्या एका टपरीवर थांबली. सगळ्या खाली उतरल्या. समीक्षाचा फोन वाजला. ती "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत लांब गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"पश्चिम विभागाचा शिबिर," ती म्हणाली. "माका बोलावलानी. ताई, माका एकटीकच."

संचिताला वाटलं होतं, आता तरी दुखणार नाही. दुखलं. अगदी पहिल्यासारखंच, कोवळं आणि कडू. तिने ते गिळायला थोडा वेळ घेतला. बाजूच्या मुली समीक्षाला घेरून नाचायला लागल्या होत्या. संचिता त्यांच्यातून वाट काढत पुढे गेली आणि तिने समीक्षाचा चहाचा ग्लास तिच्या हातात दिला.

"जळला," ती म्हणाली. "आता च्याय पी. थंड जाता."

मग ती बसपाशी गेली आणि ड्रायव्हरला विचारलं, निघायला अजून किती वेळ आहे. वेळ होता. तिने जॅकेट काढून सीटवर टाकलं आणि टपरीमागच्या मोकळ्या शेताच्या कडेने धावायला सुरुवात केली.