बिनशिंकेचं मांजर

उसाला जसा साखरेचा उतारा असतो तसा माणसाला बोलण्याचा उतारा काढायचा ठरवला असता, तर आप्पासाहेबांचा नंबर श्रीगोंदा तालुक्यात शेवटचा लागला असता. तेहतीस वर्षं ते साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. फटफटीवरून बांधाबांधानं हिंडायचं, जमीन बघायची आणि कोणत्या जातीचं बेणं लावायचं ते शेतकऱ्याला सांगायचं. तेही दोन शब्दांत. "शहाऐंशी-शून्य-बत्तीस," म्हणायचे आणि किक मारायचे.

घरीही तोच खाक्या. "चहा ठिवू?" "हं." "कारखान्यात काय झालं?" "काय व्हनार." एवढ्या भांडवलावर अडतीस वर्षांचा संसार झाला होता. आप्पासाहेबांची समजूत अशी, की घरात भांडण नाही म्हणजे सगळं बेस चाललंय. निवृत्त झाल्यापासून तर ते सकाळी पेपरात डोकं घालत ते टेंडर नोटिसा वाचून संपल्यावरच बाहेर काढत. त्यांच्या बायकोचं, छबूबाईंचं, या सगळ्यावर काय म्हणणं होतं ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळीत त्यांची लेक दिशा नाशिकहून चार दिवस येऊन गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. त्याच आठवड्यात एका रात्री भाकरी वाढता वाढता छबूबाई म्हणाल्या, "मी म्हंते, एक मांजर पाळू."

आप्पासाहेबांचा घास हातात राहिला. या बाईनं अडतीस वर्षांत त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं. साडी घ्यायला गेलं तरी "तुमी म्हनाल ती." आणि आज तोंड उघडून मागितलं ते नेमकं मांजर. कारण आप्पासाहेबांचं आणि मांजराचं मुळीच जमत नसे. शेजारच्या बायडाबाईंची मनी नुसती भिंतीवर येऊन बसली की हे शिंकायला लागत, आणि मनी कुठं आहे हे सगळ्या आळीला आप्पासाहेबांच्या नाकावरून कळे. दुसरा कुणी असता तर सरळ नाही म्हणाला असता. पण आप्पासाहेबांच्या मनानं घेतलं, की एवढी एक गोष्ट आपण हिला द्यायचीच. ती दिली नाही तर आपण नवरा म्हणून काय केलं?

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणाले, "केसाची नाही, मांजराच्या लाळेची ॲलर्जी आहे तुम्हाला. मांजर दिवसभर अंग चाटतं, ती लाळ वाळते आणि हवेत उडते. काही जातींचा त्रास कमी होतो म्हणतात. पण नुसत्या जातीवर जाऊ नका. एकेका मांजराचं वेगळं असतं. गोळी न घेता तासभर मांडीवर घेऊन बसा आणि मग ठरवा."

आप्पासाहेबांच्या कानांनी यातला एकच शब्द उचलला, जात. मग तर आपलंच काम. ज्या माणसानं आख्ख्या तालुक्याला उसाच्या जाती निवडून दिल्या, त्याला एक मांजर निवडता येणार नाही? त्यांनी कारखान्याची जुनी डायरी काढली आणि रकाने आखले. जात, केस, स्वभाव, हवामान, आणि शेवटचा मोठा रकाना शिंकांचा.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ओट्यावर वर्ग भरायला लागला. आप्पासाहेब चष्मा लावून मोबाईलवरून जाती वाचून दाखवत आणि छबूबाई लसूण सोलता सोलता एकेकीचा निकाल लावत.

"सायबेरियन. रशियाचं हाय. थंड मुलखातलं, केस लांब."

"आन् आपल्या मे महिन्यात त्याला काय पन्हं पाजायचं?"

"बरं, हे बघ. स्फिंक्स. ह्याला केसच न्हाईत."

छबूबाईंनी मोबाईल हातात घेतला आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई, ह्ये तर जावळ काढल्यालं पोर दिसतंय. ह्याला आंगडं-टोपडं कोन शिवनार?"

"डेव्हन रेक्स. केस कुरळे."

"दिशाच्या लग्नातली पार्लरवाली अशीच हुती."

यावर आप्पासाहेब हसले. चांगले खो खो हसले. शेजारच्या ओट्यावरून बायडाबाईंनी मान वर करून बघितलं, घरात पाहुणे आले की काय म्हणून.

मग रविवारच्या मोहिमा सुरू झाल्या. पहिल्या रविवारी निघतानाच बायडाबाईंची मनी फटफटीला आडवी गेली. एरवी मांजर आडवं गेलं की माणूस चार पावलं मागं येतो, पण मांजराच्याच कामाला निघालेल्या माणसानं काय करावं हे शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही. त्यात आप्पासाहेब शिंकलेही. म्हणजे एका उंबऱ्यावर दोन अपशकुन. छबूबाई मागच्या सीटवर बसत म्हणाल्या, "चला आता. एकानं एक कटला."

नगरला सावेडीत मोनिका नावाची मुलगी आपल्या फ्लॅटमध्ये मांजरं सांभाळायची. कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी बाळ आलं, की त्यांची मांजरं हिच्याकडं यायची आणि ही त्यांना नवी घरं बघून द्यायची. तिनं पहिल्या दिवशी एक पर्शियन मांडीवर दिलं. चपट्या तोंडाचं, रुसलेलं. बारा मिनिटांत चौदा शिंका. आप्पासाहेबांचे डोळे मिरची कांडल्यासारखे लाल झाले. येताना दोघांनी स्टँडजवळ मिसळ खाल्ली, आणि नाक असंही वाहतंच होतं म्हणून आप्पासाहेबांनी तर्री जास्त घेतली.

पुढं शिर्डीला एका हॉटेलवाल्याकडं सायबेरियन बोका आहे असं कळलं. तिथं भक्तांच्या गर्दीत, हॉटेलच्या सोफ्यावर, मांडीवर पाच किलोंचा बोका घेऊन आप्पासाहेब नऊ वेळा शिंकले. शेवटच्या शिंकेला आंध्रातून आलेल्या एका आजीनं काळजीनं त्यांच्या कपाळाला अंगारा लावला. नंतर बाबांचं दर्शन झालं, प्रसादालयात जेवण झालं आणि छबूबाईंनी हिरव्या बांगड्या भरल्या. "शोभत्यात का?" त्यांनी विचारलं. आप्पासाहेबांनी हं म्हणायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे म्हणाले, "लई झाक दिसत्यात."

तिसऱ्या वेळी नशिबानं हात दिला. मोनिकाकडं एक बालिनीज जातीची मादी आली होती. तासाभरात फक्त दोन शिंका. आप्पासाहेबांनी डायरीत त्या रकान्याभोवती गोल काढला आणि विजयी मुद्रेनं बायकोकडं बघितलं.

"डोळं तिरपं हाय तिचं," छबूबाई म्हणाल्या.

"मांजराचं डोळं बघून काय करायचंय?"

"मला बघत ऱ्हायला पायजे ना."

बरं, बाई म्हणते तर असेल. पुढच्या मांजरानं तीन शिंका आणल्या, तर त्याचा आवाज चिरका निघाला. त्याच्या पुढचं गुणी होतं, तर त्याची चाल गर्विष्ठ होती. एवढी नावं लोक मुली बघतानाही ठेवत नाहीत. दिशाचा नवरा नक्की करताना या बाईनं दोन मिनिटं घेतली होती, आणि मांजरासाठी चार महिने झाले तरी घोडं पेंड खात होतं. आप्पासाहेब चक्रावले. हिला मांजर हवंय की नकोय? त्यांनी लेकीला फोन करूनही विचारलं. बापाचा आपण होऊन फोन आला म्हणून दिशा आधी घाबरलीच. मग म्हणाली, "बाबा, आई तर फोनवर नुसती खुशीत असते. तुम्ही बघत राहा."

बघत राहा म्हणे. आता बघायला तालुक्यात मांजर तरी शिल्लक पाहिजे.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात मोनिकाचा फोन आला. "काका, तुमच्यासाठीच आल्यासारखी आलीय एक. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली. सायबेरियन मादी, तीन वर्षांची, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशन झालेल्या माद्यांचा त्रास कमी होतो. नाव सोफी."

"सोपी?" छबूबाई म्हणाल्या. "नाव तरी बरं हाय."

रविवारी अकरा वाजता सोफी आप्पासाहेबांच्या मांडीवर बसली. राखाडी रंगाची, छातीवर पांढरी, डोळे सरळ, आवाज मऊ. अर्धा तास झाला. नाक कोरडं. एक तास झाला. डोळ्याला खाजसुद्धा नाही. सोफीनं त्यांच्या अंगठ्यावर हनुवटी ठेवली आणि घुरघुरायला लागली. आप्पासाहेब डोळे मिटून स्वस्थ बसून राहिले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोनं मागितलेली वस्तू ते तिच्या ओंजळीत घालणार होते, आणि या मांजराला नाव ठेवायला तिला जागा नव्हती.

आत स्वयंपाकघरात मोनिका चहा करत होती. छबूबाई तिच्याजवळ उभ्या होत्या. मधलं दार उघडंच होतं.

"काकू, दीड तास झाला. एकही शिंक नाही," मोनिका म्हणाली. "आता खूश ना?"

"हाय की."

"मग चेहरा असा का?"

छबूबाई हळू आवाजात बोलल्या, पण घरात दुसरा आवाज नव्हता.

"खरं सांगू का बाई? मांजर मी कशापायी मागितलं, तर घरात दिवसभर बोलायला कोनी न्हाई. हे वाईट न्हाईत गं. कधी वाकडा शब्द न्हाई. पन सरळ बी न्हाई. मी म्हनलं, मांजर निदान म्याव तरी करंल. आन् ह्यांनी ते जाती बघायचं काढलं. चार म्हैने झालं, रोज सांजंला माझ्यासंगं बोलत्यात. मांजरावर का हुईना, पन बोलत्यात. हसत्यात. आयतवारी गाडीवर घिऊन जात्यात. शिर्डीला मला म्हनले, बांगड्या झाक दिसत्यात. आता ही सोपी घरी आली का संपलं सगळं. ती माझ्याजवळ आन् हे पेपरात. म्हनून मी आपली आत्तापत्तूर नावं ठिवत ऱ्हायले. आता हिला काय नाव ठिवू?"

आप्पासाहेबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. वावरात पाय ठेवला की जमिनीला काय कमी आहे ते ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात आयुष्यभर काय कमी पडत होतं ते त्याला एका परक्या मुलीच्या स्वयंपाकघरातून ऐकावं लागलं. तिनं मांजर मागितलं तेव्हा आपण मांजराची जात शोधायला पळालो. का मागते, एवढंही विचारलं नाही.

त्यांनी सोफीकडं बघितलं. सोफीनं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी जे ठरवलं ते करायला गेले, तर येईना. चार महिने जी नको नको म्हणताना येत होती ती शिंक आता बोलावून येईना. त्यांनी खिडकीतून सूर्याकडं टक लावली. काही नाही. सोफीच्या शेपटीचं टोक उचलून हळूच नाकात घालून बघितलं. सोफीला ते आवडलं नाही, आणि नाकाला त्याचं काहीच वाटलं नाही. मांजर म्हणजे खरोखर अस्सल निघालं होतं. शेवटी आप्पासाहेबांनी देवाचं नाव घेतलं आणि तोंडानंच, पुस्तकात छापतात तसं, मोठ्यांदा म्हणाले, "आक्‌ छी."

सोफी मांडीवरून उडी मारून सोफ्याखाली गेली. मोनिका धावत बाहेर आली. "अरे देवा. काका, शेवटी शिंक आलीच का?"

"आली," आप्पासाहेब म्हणाले. "आक्‌ छी. लई जोरात येतीय."

छबूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचे पांढरे स्वच्छ डोळे बघितले. कोरडं नाक बघितलं. घडी न मोडलेला रुमाल बघितला. या माणसाची शिंक त्या अडतीस वर्षं ऐकत आल्या होत्या. आप्पासाहेब जमिनीकडं बघत राहिले, चोरी सापडल्यासारखे.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?" मोनिकानं विचारलं.

छबूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला.

"न्हाई जमायचं बाई," त्या म्हणाल्या. "लईच शिंकत्यात."

चहा पिऊन दोघं खाली आले. आप्पासाहेबांनी फटफटीला किक मारली, ती लागली नाही, आणि ते तसेच थांबले. छबूबाई पदर कमरेला खोचून मागं बसल्या होत्या.

"कोपरगावला एक हाय म्हनं," आप्पासाहेब मागं न बघता म्हणाले.

"कोपरगाव लई लांब पडंल की वो."

"लांबच बरं," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरी किक मारली.