चार बेचाळीस, दहा वजा

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मोजणारी. मेणकापडाच्या पट्टीची, गोल चामडी डबीत गुंडाळलेली. डबीच्या पोटावर पितळी हँडल आहे. ते फिरवलं की मी आत जाते. अंगावर तीस मीटर लिहिलं आहे. पण मित्रांनो, मी पुरती तीस मीटरची नाही. माझे पहिले दहा सेंटिमीटर तुटले आहेत आणि माझी गोष्ट त्या दहा सेंटिमीटरांचीच आहे. ती सांगताना मला लाज वाटते. लाज वाटते म्हणून सव्वीस वर्षं सांगितली नाही, असं म्हणायची सोय मात्र मला नाही. मला तोंडच नाही. ज्यांना होतं त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर मला ताणून माझ्यावर काळे आकडे छापले, दर मीटरला एक लाल. चष्मा लावलेल्या तपासनीस बाईंनी मला पोलादी पट्टीशेजारी ठेवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर." त्या एका शब्दाच्या जोरावर मी पुढे किती मिरवलं, विचारू नका.

एका शाळेच्या खेळाच्या सरांनी मला आणलं. सर उंचीने बेताचे, आवाजाने त्याहून बेताचे. शिट्टी गळ्यात असायची, पण वाजायची क्वचित. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू ते दर उडीनंतर स्वतः दाताळ्याने सारखी करत. लेकीची वेणी घालायच्या आधी केस विंचरावेत, तशी. मुलं धावत येऊन फळीवरून उडायची. वाळूत उमटलेल्या खुणेपाशी सर माझ्या टोकाची कडी खिळ्याने रोवायचे आणि फळीपाशी उभे असलेले शिपाईकाका मला ताणून आकडा वाचायचे. सर तो वहीत लिहायचे. सहा वर्षं मी अशी डौलात मोजत होते.

एके दिवशी गोळाफेकीच्या वेळी मला आवरायला उशीर झाला. एका दांडगट मुलाने फेकलेला गोळा नेमका माझ्या टोकावर, दगडावर आदळला. कडीसकट दहा सेंटिमीटर तुटले. मुलगा रडवेला झाला.

"सर, टेप तुटली."

"ते दिसतंय. गोळा कुठे पडला ते बघ आधी, खूण कर. फेक चांगली होती."

घरी सरांनी मोच्याकडचा जाड दोरा आणून कडी माझ्या दहाच्या आकड्यावर शिवली. नवी टेप मागायची नाही, असं त्यांनी ठरवलं. "दहा वजाच तर करायचे," ते म्हणाले. आणि एक नियम केला. वाचणाऱ्याने दिसतो तोच आकडा मोठ्याने वाचायचा. वजाबाकी लिहिणारा करेल. दोघांनी केली तर घोटाळा, म्हणून वाचणाऱ्याने डोकं चालवायचं नाही.

तेव्हापासून मैदानावर एक गंमत सुरू झाली. काका वाचायचे, "चार पस्तीस!" आणि बसलेली सगळी पोरं एका सुरात म्हणायची, "दहा वजा!" हळूहळू ते दोन शब्द शाळाभर पसरले. कुणी सांगितलं की काल मी आठ केळी खाल्ली, की वर्ग म्हणणार, "दहा वजा." सर घरी म्हणाले की दहा मिनिटांत निघतो, तर त्यांची बायको म्हणे, "दहा वजा! मग अजून इथेच कसे?" सरांना मुलं पाठीमागे 'दहावजा सर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मीही निर्लज्जासारखी त्या कौतुकात रमले. तुटलेली असून लाडकी झाले. आपलं खरेपण आता दुसऱ्याच्या लक्षात राहण्यावर टिकून आहे, हे मला उमगलंच नाही.

सरांची मुलगी त्याच शाळेत नववीत होती. शाळेत ती वडिलांना सर म्हणे आणि घरी बाबा. घराच्या फाटकाशी पोचली की आपोआप शब्द बदलायचा. ती लांब उडी मारायची. हिशोबात इतकी चलाख की पोरं 'दहा वजा' म्हणेपर्यंत तिचं उत्तर तयार असे. दहावीतली एक मुलगीही उडी मारायची. ती शिंप्याची लेक. लांब पाय, बारीक अंग. सर तिला 'टोळ' म्हणत. तिच्या वडिलांच्या गळ्यातही दिवसभर टेप असे, म्हणून ती माझ्याकडे घरच्या माणसासारखं बघायची. मला गुंडाळताना वाळू झटकायची तर टोळनेच.

मोठ्या आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेतून एकच मुलगी जायची होती. निवडीच्या दिवशी सरांच्या मुलीची सर्वांत लांब उडी ठरली चार मीटर सत्तावीस. टोळची शेवटची उडी उरली होती. दहावीचं वर्ष, म्हणजे शाळेतली तिची ही शेवटचीच संधी.

टोळ धावली. फळीवर पाय पडल्याचा आवाज मी कधी विसरणार नाही, मोकळा, स्वच्छ. ती वाळूत पडली, पुढे झुकून उठली. तेवढ्यात काकांना तासाची घंटा द्यायला जावं लागलं. स्पर्धेत असलेल्या मुलीने टेपला हात लावायचा नाही, हाही सरांचा नियम होता. पण फळीजवळ त्यांचीच मुलगी उभी होती. सर म्हणाले, "ए, धर गं जरा. वाच."

तिने मला ताणलं. तिचं बोट फळीच्या काठावर, माझ्या आकड्यावर आलं. चार बेचाळीस. तिचे ओठ हलले.

"चार बत्तीस," ती म्हणाली.

सवयीने, चलाखीने, डोक्यातली वजाबाकी आधीच झाली होती. इथवर ती चूकच होती, असं मी आजही मानते. सरांनी लिहिताना पोरांबरोबर म्हटलं, "दहा वजा. चार बावीस."

मुलीचं बोट अजून माझ्यावर होतं. तिने खाली पाहिलं. बेचाळीस तिच्या नखाखाली होतं. सरांनी वाळूतली खूण पाहिली, मग फळी पाहिली.

"नीट वाचलंस?"

"हो, सर."

आणि तिने हँडल फिरवलं. एरवी वाळूचा एक कण गेला तरी माझं हँडल अडायचं, चार जण शिव्या घालायचे. त्या दिवशी मी लोण्यासारखी फिरले. बेचाळीस आत गेलं. सरांनी दाताळं ओढलं आणि वाळूतली खूणही गेली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी लाज हीच, मित्रांनो, की नको तेव्हा मी सुरळीत चालले.

टोळ सरांच्या मुलीपाशी आली. "जा आता," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर फळीकडे बघू नकोस हां. तू बघतेस." आणि माझ्यावरची वाळू झटकली.

संध्याकाळी घरी सर मला तेलाच्या फडक्याने पुसत बसले होते. मुलगी वह्यांना कव्हर घालत होती. निवडीचा कागद दुपारीच रवाना झाला होता.

"टोळची उडी बावीस वाटली नाही गं."

"मग?"

"मी वीस वर्षं त्या खड्ड्याशी उभा आहे. डोळ्याला थोडं तरी कळतं. तू दिसला तोच आकडा सांगितलास ना?"

"हो, बाबा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, घरीसुद्धा शाळा? पोरगी निवडली गेलीय, तिला दोन शब्द चांगले बोला."

सर फडकं फिरवत राहिले. मुलगी उठून आत गेली. मग त्यांनी मला हळूहळू बाहेर ओढलं. चार बावीसवर थांबले, बत्तीसवर थांबले, बेचाळीसपाशी आले. तिथे त्यांनी तेलकट अंगठा टेकवला आणि तसेच बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी मारली नाही. मला गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलं आणि खोकं कपाटावर.

दुसऱ्या दिवशी सर शिंप्याच्या दुकानात गेले. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा मी वरून ऐकलं. ते टोळला म्हणाले होते, "माझी टेप मोडकी होती. मोजण्यात माझी चूक झाली असावी. मला माफ कर." आणि टोळ म्हणाली होती, "असू द्या, सर. तुमची चूक असली तरी दहा वजा." तिच्या वडिलांनी सरांना चहा पाजला. बायको म्हणाली, "गोड पोर आहे." सर म्हणाले, "हो." एवढंच.

ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना खरं माप दिलं, त्याने एकदाच तसं केलं नाही, आणि ते लेकीसाठी. लोक त्यांना देवमाणूस म्हणत, तेव्हा खोक्यात मला गुदमरायला होई.

मुलगी स्पर्धेला गेली. तिथे तिचा अकरावा नंबर आला. त्यानंतर तिने उडी मारली नाही. का, ते सरांनी कधी विचारलं नाही.

शाळेत पोलादी टेप आली. मी कपाटावर राहिले. धूळ, झुरळं, उन्हाळे. मुलगी शिकून दुसऱ्या गावी गेली, नोकरीला लागली, तिथेच तिचं घर झालं. टोळ शिकली आणि सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी खेळाच्या बाई म्हणून आली. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती सरांना भेटायला यायची. सर दरवर्षी तेच विचारायचे.

"किती होती गं तुझी ती शेवटची उडी?"

"चार बावीस, सर."

"जास्त होती."

"सर, तुमचं आपलं काहीतरी. दर वर्षी वाढवताय."

एका वर्षी मुलगी माहेरी आलेली होती. चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती. "जास्त होती," हे तिने ऐकलं. ट्रे टेबलावर ठेवून ती आत गेली आणि टोळ जाईपर्यंत बाहेर आली नाही. सर दाराकडे बघत राहिले. तेव्हाही ते दोघं बोलू शकले असते.

यंदा सर गेले. शाळेत शोकसभा ठरली. मैदानावर, खड्ड्याजवळ. सकाळी मुलगी आवराआवर करत होती. आईने कपाटावरचं खोकं काढून दिलं. "यात त्यांची जुनी टेप असेल. शाळेला देऊन टाक."

मुलीने मला ओढलं. मेणकापड कडक झालं होतं, मी कुरकुरत निघाले. एक मीटर, दोन, तीन. चारच्या पुढे तिचा हात थांबला. बेचाळीसवर अंगठ्याचा तपकिरी डाग होता, रेषा दिसतील इतका स्पष्ट. तिने त्याच्यावर आपला अंगठा ठेवला. मग ती जमिनीवर बसली.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. आईने काय, ते विचारलं नाही.

सभेच्या आधी तिने मला टोळच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. थोडक्यात, उभ्याउभ्या. टोळने ऐकून घेतलं. तिचे केस आता पांढुरके झाले होते. ती बराच वेळ माझ्यावरची धूळ झटकत राहिली.

"मी तेव्हा दुकानात आमच्या अण्णांना सांगितलं होतं की माझे पाय कमी पडले," ती म्हणाली. "ते तसंच समजून गेले."

मुलीने मान खाली घातली.

"तू आता बोलणार आहेस ना सरांबद्दल? काय लिहून आणलंयस?"

"शिस्त. प्रामाणिकपणा."

"दहा वजा," टोळ म्हणाली. ती हसली नाही. "मला एकटीला कोपऱ्यात सांगून मोकळी होऊ नकोस. पोरं बसलीत समोर."

मुलगी उभी राहिली तेव्हा मैदान भरलं होतं. पुढे शाळेतली मुलं, मागे सरांचे जुने विद्यार्थी. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, नातवंडं कडेवर घेतलेले. लिहून आणलेला कागद तिने घडी घालून ठेवला. निवडीचा दिवस सांगितला. स्वतःचं आधी सांगितलं, वडिलांचं नंतर. मागे कुणीतरी उठून निघून गेलं. त्यांना सरांबद्दल ते ऐकायचं नसावं.

मग टोळने माझी कडी वाळूत रोवली आणि मला फळीपर्यंत ताणलं. डबी मुलीच्या हातात दिली आणि स्वतः वही घेतली.

"वाच."

मुलीने डागावर बोट ठेवलं. "चार बेचाळीस," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"चार बेचाळीस!"

आणि मग मागच्या रांगांतून, सवयीने, चाळिशी-पन्नाशीच्या त्या सगळ्या पोरांच्या तोंडून एका सुरात निघालं, "दहा वजा."

टोळने वहीत लिहिलं. चार बत्तीस. शेजारी सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख घातली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

आता मी खेळाच्या खोलीत खिळ्यावर टांगलेली असते. आठवड्यातून एकदा मला तेलाचं फडकं फिरतं. तो डाग मात्र टोळ पुसू देत नाही. मोजायला पोलादी टेप आहे. माझी लाज गेलेली नाही आणि ती जावी असं माझं म्हणणंही नाही.

तर मित्रांनो, वस्तू सांभाळा, धूळ झटका, हे मी तुम्हांला सांगणार नाही. ते तुमच्या बाई सांगतीलच. माझं मागणं निराळं आहे. कधीतरी तुमच्या बोटाखाली दुसऱ्याचं माप येईल आणि तो आकडा तुमच्याशिवाय कुणाला दिसत नसेल. तेव्हा हँडलला हात लावायच्या आधी तो मोठ्याने वाचा. चुकून काही भलतं बोलून गेलात, तर वाळू अजून सारखी व्हायची असते तोवर पुन्हा वाचा. आणि तेवढाही वेळ गेला, तर ज्याला सांगायचं आहे तो माणूस घरात चहाची वाट बघत बसलेला असेपर्यंत तरी.