फटकेबाबांच्या शालीखाली

वेत सपकन खाली आला आणि बाजारामागच्या गोदामात जमलेली शेकडो माणसं एकदम चिडीचूप झाली.

फटका तीन वर्षांच्या पोरीच्या तळव्यांवर बसला होता. तिचे घोटे गच्च धरणारा माणूस तिचा सख्खा बाप होता. पोर किंचाळली. फटकेबाबांनी तिला मांडीवर ओढलं आणि जाड काळी शाल तिच्या तोंडावरून पांघरली.

"मुकेपणाचं भूत फटक्याला भितं!" बाबा गरजले. "भूत पळालं की लेकरू पहिली हाक कुणाला मारतं? ऐका!"

शालीखालून आवाज आला, "बाऽबा! बाऽबा!"

गोदाम दणाणलं. माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघायला लागली. एक म्हातारा ढसाढसा रडत होता. आपापली मुलं डोक्यावर उचलून लोक पुढे रेटत होते. म्हणजे पुढचा फटका आपल्या मुलाला मिळावा म्हणून धक्काबुक्की चालली होती! मी हे सगळं गर्दीत उभा राहून बघत होतो.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. आमच्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीवर 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र' अशी पाटी आहे. नाव वाचून वाटतं, आत पोलीस धाड घालायची तयारी करत असतील. प्रत्यक्षात आत सतरंज्या, चेंडू, आरसे आणि भरपूर शेंबूड असतो. मान धरायला, चालायला, बोलायला ज्या मुलांना उशीर होतो त्यांच्याबरोबर आम्ही काम करतो. कोवळ्या वयात मेंदू भराभर शिकतो. ते वय हातचं गेलं की तेच शिकायला कितीतरी जास्त कष्ट पडतात. मी व्यायामोपचार करतो, म्हणजे दिवसभर रांगतो. माझा आकार बघून मुलं मला हत्ती म्हणतात. माझ्याबरोबर वाचाउपचार करणारी ताई आहे. सोयरेधायरे विचारतात, "इतकं शिकून पोरांशी खेळता?" हो, खेळतो. पण कोणता खेळ कशासाठी, हे शिकण्यात आमची उमेदीची वर्षं गेली आहेत.

शालीखालची ती पोर, चिमी, ताईकडेच येत होती. ती मुकी नव्हती, तिला ऐकू फार कमी येत होतं. जे कानांवर पडत नाही ते तोंडातून कसं येणार? तिला श्रवणयंत्रं बसवली, आवाज ओळखायचे खेळ सुरू झाले. बाप ट्रक चालवायचा. त्याचा एकच प्रश्न, "किती वेळ लागेल?" ताई खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "बरेच महिने लागतील."

फटकेबाबा म्हणाले, "एका फटक्यात!" झालं, बापानं पोरीला तिकडे नेलं. यंत्रांत भूत दडून बसतं म्हणून ती काढून फेकली. पहिल्या खेपेला चिमी 'बाबा' म्हणाली. घरी आल्यावर मात्र एक शब्द नाही. तर बाबांचं उत्तर तयार, "भूत अर्धंच गेलंय, परत आणा."

त्या सकाळी चिमीची आई केंद्रात आली तेव्हा तिचा ओठ फाटला होता.

"तळवे सोललेत हो पोरीचे," ती म्हणाली. "दारात आडवी झाले तर मलाच मारलं. परत घेऊन गेलाय."

ताईनं तिला पोलीस चौकीवर पाठवलं आणि आम्ही दोघं गोदामाकडे धावलो.

"हत्ती," ताई माझ्या कानाशी म्हणाली, "बाबांचा एकच हात दिसतोय. दुसरा कुठाय?"

उत्तराची वाट न बघता ती गर्दीतून मुसंडी मारत चौथऱ्यावर चढली.

"शाल काढा."

"दूर हो!" बाबा खेकसले. "शाल काढली तर भूत तुला धरेल."

"धरू दे. मला रोज दहा-बारा भुतं धरतात, सगळी चार वर्षांच्या आतली."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. हसू बाबांना झोंबलं. वेत फिरला आणि ताईची भुवई फुटली. रक्त गालावरून गळ्यापर्यंत ओघळलं.

मी वर झेपावलो. दोन शिष्यांनी मला हवेतच झेललं. त्यातल्या रेड्यासारख्या एकानं माझा हात पाठीमागे असा पिरगाळला की खांद्यात कटकन आवाज झाला. मी बोंबललो, "आऽऽऽ!"

ताई वळली. पदरानं डोळ्यावरचं रक्त पुसून ती थेट माझ्यासमोर आली, "माफ कर रे" म्हणाली आणि दोन बोटांच्या चिमटीत माझे ओठ मिटले. सोडले, मिटले, सोडले.

माझ्या तोंडून निघालं, "बाऽबा! बाऽबा!"

सगळं गोदाम थिजलं. शिष्याची पकडसुद्धा सैल पडली.

"ऐकलंत?" ताई ओरडली. "या चाळिशीच्या घोड्यालाही वाचा फुटली! रडणाऱ्याचे ओठ मिटून सोडले की 'बा' असाच आवाज येतो. कुणाचंही रडणं असो. वेत कशाला लागतो? पोर रडावं म्हणून. शाल कशाला लागते? बोटं दिसू नयेत म्हणून. बाबा, आता शाल काढून करा!"

बाबांनी शाल आणखी घट्ट ओढली. ती हिसका देऊन काढली चिमीच्या बापानं.

बाबांचा अंगठा अजून पोरीच्या ओठांवर होता. ओठ काळेनिळे झाले होते, त्यांवर नखांचे वण उमटले होते.

"मला वाटलं..." बापाचा आवाज फाटला. "मला वाटलं, ती मला हाक मारतेय."

त्यानं वेत हिसकावला आणि बाबांच्या तोंडावर हाणला. मग गर्दी उसळली. मघाशी पाया पडणारे हात आता दाढी उपटत होते. चौथऱ्याच्या फळ्या मोडल्या, बाबांचे दोन दात खाली पडले, एकानं वीट उचलली. चिमीला छातीशी धरून ताई त्या विटेसमोर उभी राहिली.

"मारा!" ती म्हणाली. "म्हणजे फटक्यानंच सगळं ठीक होतं, हे त्याचं म्हणणं तुम्हीच खरं कराल."

वीट हातातच राहिली. तेवढ्यात चिमीची आई पोलिसांना घेऊन आली. तिनं ताईकडून लेक उचलून घेतली. नवरा पुढे झाला, तसं तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो जागच्या जागी बसला.

बाबा कोठडीत गेले. वेत चालवल्याबद्दल खटला बापावरही झाला, आणि ते योग्यच झालं. आई लेकीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. माझा खांदा जाग्यावर आला, ताईच्या भुवईवर व्रण राहिला. चिमीच्या तळव्यांवर खपली धरली, पण कुणी पायाला हात लावला की ती अंग आकसून घ्यायची. नवी यंत्रं बसली आणि खेळ परत पहिल्यापासून सुरू झाले. आईच्या परवानगीनं बापही येऊ लागला. तो दाराशी बसायचा. एके दिवशी बूट घालायला त्यानं तिचा पाय धरला, तेव्हा चिमीनं त्याच्या डोळ्यांत बघून पहिला शब्द उच्चारला.

"नको."

बापानं हात मागे घेतला. मग ताईनं चिमीला टाळी दिली.

म्हणून कळकळीनं सांगतो. फटक्यानं किंकाळी निघते, शब्द निघत नाही. मूल आवाजाकडे वळत नसेल, वेळेत बसत, चालत, बोलत नसेल, तर 'बोलेल उशिरा' म्हणत थांबू नका आणि कुणाच्या गादीपुढे नेऊन टाकू नका. आधी कान तपासा, डॉक्टरांना दाखवा. आमच्यासारखी, जमिनीवर बसून दिवसभर खेळणारी माणसं शोधा. आमच्याकडे चमत्कार नाही आणि वेळ लागतो. पण आमचं दार उघडं असतं. आत या, शेजारी बसा, आम्ही काय करतो ते बघा आणि पटलं नाही तर खुशाल विचारा.